बाकी ३२००

माझ्या उधारीच्या फाइलीत चौदाव्या ओळीत एक नोंद आहे : ‘क्लासच्या मॅडम – पत्रकं ४००० – बाकी ३२००’. पुढे जून २०१२. तिच्या वरच्या-खालच्या बहुतेक ओळींपुढे केव्हाच ‘जमा’ लागलं. कुणी दिवाळीत पैसे आणून दिले, कुणी पुढच्या पत्रिकेच्या हिशेबात वळते करून घेतले. एक-दोघं चारकोपची रूम विकून नालासोपाऱ्याला गेले, त्यांच्यापुढे मी ‘सोडलं’ असं लिहिलं. चौदावी ओळ मात्र जशीच्या तशी आहे. विसरून राहिलेली नाही, मी ठेवलीय.

का, ते सांगायचं तर एका हार्ड डिस्कच्या दुखण्यापासून सुरुवात करावी लागेल.

मी डीटीपी करते. आमचं घर चारकोपला, म्हाडाच्या सेक्टरमध्ये. जुनी माणसं अजून ‘वर्ल्ड बँक’ म्हणतात. १९८५ साली वर्ल्ड बँकेच्या कर्जावर जी योजना सुरू झाली, तिच्यात म्हाडाने प्लॉट आखून दिले, पाणी, गटार, रस्ता दिला आणि भिंती ज्याने त्याने आपल्या ऐपतीने उभ्या केल्या. सासऱ्यांनी पत्रे घातले, नवऱ्याने स्लॅब टाकला, आणि १९९९ साली पोटमाळा निघाला तेव्हा तिथे माझं टेबल लागलं. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, बायोडेटा, भजनी मंडळाच्या पुस्तिका आणि ऑगस्ट-सप्टेंबरात सोसायट्यांचे अहवाल. वडील गिरगावात एका छापखान्यात जुळारी होते. खिळ्यांच्या केसमधल्या शेकडो घरांतून त्यांचा हात न बघता फिरायचा. मी मराठी टायपिंगची तीसची परीक्षा दिली आणि माझी बोटं न बघता फिरायला लागली. माझा कीबोर्ड रेमिंग्टनचा. इनस्क्रिप्टवर बसवलंत तर स्वतःचं नाव लिहायलाही मला पाच मिनिटं लागतील.

२०१० साली कॉम्प्युटर जोडून घेतला. विंडोज ७, ३२० जीबीची हार्ड डिस्क, पेजमेकर ७ आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, तिचा डोंगल मागच्या पोर्टात खोचलेला. पेजमेकरची ही सातवी आवृत्ती २००१ची आणि शेवटची. अडोबीने पुढे इनडिझाइनच धरलं. पण पत्रिकेच्या धंद्यात पेजमेकर आणि श्रीलिपी हा जोडा सुटत नाही, कारण आमची सगळी जुनी कामं त्यात अडकलेली. आमचे फॉन्ट युनिकोडच्या आधीचे. फाइलीत ‘क’ म्हणून जे साठवलेलं असतं, ते मुळात असतं एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. त्याला ‘क’चं सोंग फॉन्ट देतो. फॉन्ट नसला की सोंग उतरतं. माझी पत्रिका दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली तर ‘चि. सौ. कां.’च्या जागी डॉलर, कंस आणि काहीबाही दिसतं. इन्स्टॉलच्या सीड्या होत्या, पण कांदिवलीच्या नऊ पावसाळ्यांत त्यांच्यावर बुरशीची छान वेलबुट्टी उठली होती. थोडक्यात, माझा धंदा त्या एका डिस्कवर जसा बसला होता, तसा पुन्हा बसवणं मला शक्य नव्हतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

२०१९च्या गौरी शनिवारी गेल्या. सोमवारी, ९ सप्टेंबरला, कॉम्प्युटर सुरू व्हायला सोळा मिनिटं लागली. आतून टक्, टक् असा आवाज, पाल चुकचुकावी तसा. माझ्या टेबलावर तेव्हा अकरा सोसायट्यांचे अहवाल. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. बहुतेकांनी २९चा रविवार धरलेला, आणि नोटीस अहवालासकट पुरते चौदा दिवस आधी सभासदांच्या हातात पडायला हवी. म्हणजे माझ्याकडे शनिवारपर्यंत वेळ.

जवळच्या दुकानातला मुलगा येऊन बघून गेला.

‘‘काकी, डिस्क गेलीय. नवीन टाकू, फॉरमॅट मारू, विंडोज १० टाकून देतो. मस्त पळेल.’’

‘‘आणि माझं पेजमेकर?’’

‘‘ते काय असतं?’’

त्याला दोष देत नाही. तो जन्मला त्याच्या आसपासचं ते सॉफ्टवेअर. रात्री नवरा म्हणाला, ‘‘त्या क्लासच्या बाई असली कामं करतात म्हणे.’’ मी म्हटलं, ‘‘तिच्या दारात मी जाणार नाही.’’

बाजाराच्या रस्त्याला एमएस-सीआयटीचा एक क्लास होता. २००१ साली एमकेसीएलने हा कोर्स काढल्यापासून असे क्लास गल्लोगल्ली निघाले होते. सरकारी नोकरीला ते सर्टिफिकेट लागायचं, त्यामुळे पन्नाशीचे कारकूनसुद्धा माऊस धरायला शिकत होते. मॅडम तिथे शिकवायच्या. प्रवेशाची पत्रकं माझ्याकडून करून न्यायच्या. दोन खेपांचे पैसे वेळेवर आले. तिसऱ्या खेपेला त्या स्वतः चार हजार पत्रकं घेऊन गेल्या, चलनावर सही केली, आणि महिन्याभरात क्लासचं शटर खाली आलं ते आलंच. ऑफसेटवाल्याला मी पदरचे पैसे भरले. पुढची सात वर्षं भाजीच्या गाडीवर, शेअर रिक्षाच्या रांगेत त्या दिसल्या की मी मान फिरवायची. तेवढ्यावर थांबले असते तरी ठीक. हळदीकुंकवाला, महिला मंडळात, ‘क्लासवालीने माझे पैसे बुडवले’ हे किती जणींना सांगितलं असेल, त्याची नोंद मात्र कुठल्या फाइलीत ठेवली नाही.

मंगळवारी सकाळी सीपीयू धुण्याच्या पिशवीत घातला आणि रिक्षा केली. लिंक रोड तेव्हा मेट्रोच्या पत्र्यांनी अर्धा अडवलेला. दहाणूकरवाडीत एका इमारतीच्या तळमजल्यावर, पुढच्या खोलीत त्यांचं काम चाले. दार उघडून म्हणाल्या, ‘‘या ताई.’’ गेल्याच आठवड्यात येऊन गेले होते, अशा थाटात.

त्यांनी मशीन सुरू केलं, आवाज ऐकला आणि सरळ वायरच काढली. ‘‘घरी कितीदा चालू केलंत?’’

‘‘चार-पाचदा.’’

‘‘आता नाही करायचं. चालू केलं की विंडोज काही ना काही लिहायला धावतं. दुखऱ्या जागेवरून सारखं फिरायला नको.’’ मग डिस्क बाहेर काढून आपल्या मशीनला जोडली आणि तिच्या तब्येतीचा तक्ता काढला. एका ओळीवर बोट ठेवलं. करंट पेंडिंग सेक्टर, आकडा दोनशेच्या वर. वाचायला घेतल्या पण वाचता आल्या नाहीत अशा जागा. त्यांनी एकच प्रश्न विचारला, जो दुकानातल्या मुलाने विचारला नव्हता : ‘‘हिच्यात असं काय आहे जे पुन्हा घालता येणार नाही?’’ मी सीड्यांची बुरशी सांगितली, फॉन्ट सांगितले, वीस वर्षांच्या सवयीचे शॉर्टकट सांगितले. त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे सामान हलवून भागणार नाही. घर उचलून न्यायचंय.’’

ही विद्या क्लासमधलीच. बारा कॉम्प्युटर, पोरं रोज काहीतरी बिघडवणार. प्रत्येकावर विंडोज नव्याने चढवायचं तर दोन दिवस जात. मग त्या एकच मशीन नीट लावायच्या आणि त्याची हुबेहूब प्रत बाकी अकरांवर उतरवायच्या. तेव्हा त्याला नॉर्टन घोस्ट वापरत. मूळ न्यूझीलंडचं, १९९५चं, पुढे सिमँटेकने विकत घेतलेलं. ‘‘रविवारी क्लासला का जातेस, असं सासूबाई विचारायच्या,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘मी सांगायची, भूत उतरवायला.’’

माझं काम मात्र त्या अकरांसारखं सोपं नव्हतं, कारण मूळच आजारी. अशा डिस्कवरून थेट नव्या जातीच्या डिस्कवर, एसएसडीवर, उडी मारायची नाही, हा त्यांचा नियम. आधी तिची शब्दशः प्रत एका धडधाकट हार्ड डिस्कवर. ती त्यांनी आपल्या कपाटातून काढली. मग त्या प्रतीवरून एसएसडीवर. प्रत घ्यायला लिनक्सचा पेनड्राइव्ह आणि डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम. साधी कॉपी पहिल्या खराब जागेशी अडखळते आणि तिथेच डोकं आपटत बसते. हा तसं करत नाही. पोह्यातली मिरची बाजूला सारावी तशा अडणाऱ्या जागा आधी बाजूला सारतो, चांगलं सगळं उचलून घेतो, काय राहिलं त्याचा नकाशा लिहून ठेवतो आणि मग राहिलेल्याकडे परत येतो. बारक्या घासांनी, कधी उलट्या बाजूने.

रात्री साडेनऊला लावलं. अकरापर्यंत जवळजवळ सगळं आलं होतं. उरलेल्या चिमूटभरासाठी सकाळ झाली. हे मला त्यांच्या मुलीकडून कळलं. घरातला एकुलता टेबलफॅन डिस्ककडे वळवून ठेवला होता, म्हणे, तापू नये म्हणून. आणि आई दर दोन तासांनी गजर लावून उठत होती. ‘‘मला उकडून झोप नाही,’’ असं ती कॉलेजला जाता जाता जरा रागानेच बोलली. बुधवारी सकाळी पडद्यावर आकडा होता तो ६८ केबीचा. ३२० जीबीपैकी तेवढंच हाती लागलं नव्हतं.

एसएसडी आणायला मी स्वतः लॅमिंग्टन रोडला गेले. चर्चगेट स्लो पकडून ग्रँट रोड, पुलावरून खाली. मॅडमनी चिठ्ठी दिलेली : २४० जीबी, साटा, अडीच इंची, बिल घेणे. दुकानदाराने डबी हातात ठेवली आणि मला वाटलं आत काही घालायचं राहिलंय. जुनी डिस्क हातात घेतली की अर्धा किलो साखरेचा पुडा धरल्यासारखं वाटायचं. ही कुंकवाच्या डबीइतकी हलकी. साडेबावीसशे रुपये. परतीच्या गाडीत पर्स छातीशी धरून बसले, कारण ती हरवली तर कळणारही नाही अशी भीती.

हलकी का, ते मॅडमनी सांगितलं तेव्हा मला वडिलांची केस आठवली. जुन्या डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते आणि तिच्यावर एक हात मजकूर धुंडाळत फिरतो. एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांच्या वर जातात. ऐकायला काहीच नाही. पण विंडोज उठताना हजारो बारके तुकडे ठिकठिकाणाहून गोळा करायचे असतात आणि दर तुकड्याला हात हलवा, फेरा यायची वाट बघा. वडील म्हणायचे, जुळाऱ्याचा दिवस अक्षरं लावण्यात जात नाही, हात नेण्या-आणण्यात जातो. एसएसडीत तबकडी नाही, हात नाही. जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओकांनी १९८०च्या दशकात शोधलेली फ्लॅश मेमरी, पेनड्राइव्हच्याच जातीची. मिलिसेकंदाच्या एका बारीक तुकड्यात हवं ते समोर.

गुरुवारी अनंत चतुर्दशी. दुपारी मॅडम आमच्याकडे आल्या, पदर खोचून पोटमाळ्याची शिडी चढल्या. रस्त्यावर ढोल-ताशे, खिडकीची काच थरथरतेय. एसएसडी डब्यात बसवायला पट्टी नव्हती, ती त्यांनी दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने चिकटवली. ‘‘हिच्यात फिरणारं काही नाही, टेप पुरते.’’ प्रतीची डिस्क आणि जुनी डिस्क, दोन्ही बाजूला ठेवल्या. पहिल्यांदा सुरू करताना नवी एकटीच हवी, कारण सगळ्यांच्या अंगावर सही तीच. दोन एकत्र दिसल्या की विंडोज गोंधळतं.

बटण दाबलं. विंडोजची खूण दिसली, लगेच निळा पडदा. माझ्या पोटात खड्डा.

‘‘घाबरू नका. हिला अजून वाटतंय ती जुन्याच घरात आहे.’’ २०१० साली जोडणाऱ्याने बायोसमध्ये डिस्कची बोलायची पद्धत जुनी, आयडीई, ठेवली होती. मॅडमनी आता ती नवी, एएचसीआय, केली होती. परत जुनी केली, आत शिरल्या, रजिस्ट्रीत एक आकडा बदलून शून्य केला, बाहेर आल्या, पुन्हा नवी केली. हे करताना मला समजावत होत्या, आपल्या शिकवायच्या आवाजात. सी ड्राइव्ह म्हणजे सगळं नसतं. त्याच्या आधी शंभर एमबीची एक चोरखोली असते, माय कॉम्प्युटरमध्ये ती दिसत नाही. दाराची किल्ली तिथे. लोक नुसता सी कॉपी करतात आणि मग घर आलं पण दार उघडत नाही म्हणून रडतात.

बटण दाबून चहा ठेवायला खाली उतरायचं, ही माझी नऊ वर्षांची सवय. दुसऱ्या पायरीवर होते, वरून आवाज आला, ‘‘झालं, या.’’

डेस्कटॉपवर तीच लक्ष्मीची तसबीर. तेच आयकॉन, मी लावलेल्या वेड्यावाकड्या रांगेत. पेजमेकर उघडलं. श्रीलिपीने डोंगल ओळखला. ‘चि. सौ. कां.’ जागच्या जागी. मी डोळे पुसले तर मॅडम म्हणाल्या, ‘‘थांबा, तपासायचं बाकी आहे.’’ त्यांची पद्धत अशी की दर वर्षाच्या फोल्डरातली कुठलीही एक फाइल उघडून बघायची. २०१४ची एक मुंजीची पत्रिका उघडली नाही. ६८ केबी बहुधा तिथेच गेले. तो मुंजा आता इंजिनीयर आहे, त्याला पत्रिकेची गरज नाही. मग त्यांनी एक्सेलची फाइल उघडली. फाइलीचं नाव ‘उधारी’. मी ‘‘ती नको’’ म्हणेपर्यंत ती उघडली. पूर्वी कुठली फाइल उघडायला इतका वेळ लागायचा की नको म्हणायला सवड मिळायची.

चौदावी ओळ पडद्याच्या बरोबर मध्यावर. आम्ही दोघी तिच्याकडे बघत होतो. खालून ढोल एकदम थांबला, मिरवणूक बहुतेक वळणावर अडली होती.

मॅडमनी ओळ वाचली. बोटाने आकड्यावर आल्या. ‘‘उघडतेय. आकडेही बरोबर आलेत.’’ मग फाइल बंद न करताच म्हणाल्या, ‘‘तिथे माझाही चार महिन्यांचा पगार राहिला.’’

क्लास त्यांचा नव्हताच. मालक दुसराच कुणी. त्या नोकरीला होत्या. पत्रकं आणायला पाठवलं म्हणून आल्या होत्या आणि चलनावर सही करायला मी सांगितलं म्हणून केली होती. फाइलीत त्यांचं नाव मी घातलं, कारण माझ्यासमोर तेव्हा त्याच उभ्या होत्या.

मी माऊसकडे हात नेला. ओळ निवडली. मॅडमनी माझा हात नुसता बाजूला केला. ‘‘आत्ता नाही. प्रत करताना दुरुस्ती करायची नसते. आधी जसंच्या तसं येऊ दे, आठ दिवस चालवून बघा, मग काय हवं ते करा.’’

मजुरीचे आठशे रुपये त्यांनी मोजून घेतले. जास्तीचे शंभर परत केले. जुनी डिस्क कागदात गुंडाळली, वर पेनने लिहिलं, ‘जुनी. पुसू नये.’ ती अजून आमच्या कपाटात साड्यांखाली आहे. जाताना बजावलं की कॉम्प्युटरला इंटरनेटची वायर लावायची नाही. विंडोज ७ला जानेवारीत मायक्रोसॉफ्टचा रामराम आहे. १४ जानेवारी २०२०. तेव्हापासून तो कॉम्प्युटर सोवळ्यात आहे. शनिवारी दुपारपर्यंत अकराही अहवाल वाटून झाले.

त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी मुद्दाम विषय काढला. म्हटलं, ‘‘त्या क्लासच्या मॅडमनी पैसे बुडवले असं मी म्हणायचे ना, ते खरं नव्हतं.’’ समोरची म्हणाली, ‘‘कोण गं क्लासच्या?’’ दुसरीलाही आठवेना. तिसरीला आठवत होतं, पण तिच्या मते बुडवणारी मी होते. दोन महिन्यांत लॉकडाउन लागला, लग्नं पन्नास माणसांवर आली, पत्रिका छापेना कुणी. तेव्हा पेजमेकरची पत्रिका चित्र म्हणून व्हॉट्सॲपवर कशी पाठवायची, ते मॅडमनी मला फोनवर शिकवलं. त्यांच्या मुलीच्या प्रोजेक्टची मराठी प्रस्तावना मी टाइप केली. एकमेकींचे डबे जायला-यायला लागले. माझी आई शेजारणीची वाटी कधी रिकामी परत करायची नाही. साखरेचे चार दाणे तरी घालायची. वाटी रिकामी गेली की येणं-जाणं खुंटतं, अशी तिची समजूत. चौदाव्या ओळीचं माझं तसंच काहीसं झालं. आठ दिवस झाले, वर्ष झालं. ओळ मी दोन-तीनदा निवडली आणि सोडून दिली.

२०२५च्या दिवाळीनंतरच्या रविवारी मॅडम आल्या. विंडोज १०चाही पाठिंबा १४ ऑक्टोबरला संपला होता, त्यामुळे त्यांच्याकडे मशीनांची रांग; तरी आल्या. आता दहाणूकरवाडीला मेट्रोचं स्टेशन आहे, पण त्यांना आमच्याकडे यायला रिक्षाच लागते, याबद्दल त्या मेट्रोवर बोलतात. शिडी चढताना गुडघ्याला हात लावला. म्हणाल्या, ‘‘ही सहा वर्षांची झाली. हार्ड डिस्क निदान टकटक करून सांगते. ही सांगणार नाही, एक दिवस दिसायचीच बंद होईल. आत्ताच दुसरी करून ठेवू.’’

या वेळी मूळ निरोगी. दोन्ही एसएसडी. चहा उकळेपर्यंत अर्धं काम झालं होतं. कप घेऊन वर गेले तर नवी सुरू होती, लक्ष्मीची तसबीर, वेडेवाकडे आयकॉन. मॅडमनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

‘‘ती उधारीची फाइल उघडा. तपासायला बरी पडते.’’

मी उघडली. त्यांनी बोट चौदाव्या ओळीवर नेलं, आकड्यापर्यंत आणलं.

‘‘बत्तीसशे. आले,’’ म्हणाल्या, आणि चहाचा कप उचलला.